मैदान कोणाच्या नावावर?

*‘वाचक विचारतात’ या सदरात या वेळी फुटबॉल क्लब आणि त्यांचे मालक यांच्याबद्दलची पत्रं घेतली आहेत. उत्तरं देणारे सदरलेखक नागपूरच्या धंतोलीतले निवृत्त सीए असून तरुणपणी फुटबॉलचे लाइन्समन होते. पत्रलेखकांची आणि त्यांच्या क्लबांची नावं काढून टाकली आहेत.*

प्रश्न : काका, इंग्लंडमध्ये फुटबॉल क्लबांच्या मालकांसाठी कायदाच झाला म्हणे. क्लब विकत घेणारा माणूस पैसेवाला असतो, मग अडचण कुठे येते? आणि ब्लॅकबर्नचे मालक तर आपल्या पुण्याचे. या कायद्यात ते अडकले असते का? (कॉलेज विद्यार्थिनी, रेशीमबाग)

कायदा झालाय, जुलै २०२५ मध्ये. त्याने एक स्वतंत्र नियामक नेमला आणि वरच्या पाच पातळ्यांवरच्या ११६ क्लबांना त्याचा परवाना सक्तीचा केला. मालक व्हायचं असेल तर माणूस सचोटीचा आहे का, पैसा कुठून आणतोय आणि तो पुढे पुरेल का, हे नियामक तपासणार. आधीपासून खुर्चीत असलेल्यालाही अयोग्य ठरवून बाहेर काढता येणार. घरचं मैदान विकायचं तर नियामकाची मंजुरी हवी. बोधचिन्ह किंवा घरच्या जर्सीचे रंग बदलण्याआधी बहुसंख्य चाहत्यांचा पाठिंबा आहे का, हे पाहावं लागणार.

आता पैसेवाल्याबद्दल. बरी नावाचा क्लब १८८५ चा, दोनदा एफए कप जिंकलेला. डिसेंबर २०१८ मध्ये तो एका पौंडाला विकला गेला. होय, एक पौंड; आपल्या सीताबर्डीवर तेवढ्यात दोन प्लेट तर्रीपोहे येतील. क्लब चालवायला पैसे कुठून आणणार याचा पुरावा लीगच्या हाती पडण्याआधीच मालकी बदलून गेली होती. आधीच्या मालकाने मैदान तारण ठेवलेलंच होतं. ऑगस्ट २०१९ मध्ये बरीला लीगमधून काढून टाकलं. ज्या गावात आजोबा-नातू एकाच स्टँडवर बसायचे, तिथे शनिवारी दुपारी काही उरलं नाही. चाहत्यांना मैदान परत मिळायला २०२२ उजाडलं.

डर्बी काउंटीचं प्रकरण तर आम्हा हिशेबवाल्यांना तोंडपाठ. मालकाने २०१८ मध्ये क्लबचं स्टेडियम आपल्याच दुसऱ्या कंपनीला सुमारे ८ कोटी पौंडांना विकलं. एका खिशातून दुसऱ्या खिशात, पण ताळेबंदात नफा दिसला! क्लबला किती तोटा चालेल याची लीगने मर्यादा घातलेली असते, तीत क्लब बसला. सप्टेंबर २०२१ मध्ये क्लब दिवाळखोरीच्या कारवाईत गेला, एकूण २१ गुण कापले गेले आणि संघ खालच्या पातळीवर घसरला. शेफील्ड वेन्सडेनेही २०१९ मध्ये स्टेडियम असंच मालकाच्या कंपनीला विकलं होतं. तिथे २०२५ मध्ये खेळाडूंचे पगार रखडले आणि ऑक्टोबरमध्ये तीच कारवाई, १२ गुणांची कपात. मैदान क्लबच्या नावावरून गेलं की पुढचा मालक काय विकत घेणार? जर्सी आणि कर्ज.

ब्लॅकबर्नचं उत्तर मात्र वेगळं आहे. कोंबड्यांच्या धंद्यातल्या वेंकीजच्या कुटुंबाने नोव्हेंबर २०१० मध्ये क्लब घेतला. मे २०१२ मध्ये तो प्रीमियर लीगमधून बाहेर पडला, २०१७ मध्ये आणखी एक पायरी खाली. १९९५ चा विजेता क्लब! लोकांनी निषेध म्हणून चालू सामन्यात मैदानावर कोंबडी सोडली होती. पण या मंडळींनी वर्षानुवर्षं तोटा आपल्या खिशातून भरला, हेही हिशेबात धरलं पाहिजे. बरीसारखं झालं नाही. कागदावर नापास करावं असं त्यांच्यात काही नव्हतं, त्यामुळे या नव्या परीक्षेतही ते बहुधा पास झाले असते. फुटबॉलची जाण आहे का, हे कोणता फॉर्म सांगणार?

म्हणून मी दारावरच्या तपासणीवर फार भिस्त ठेवत नाही. इंग्लंडमध्ये मालकाची परीक्षा २००४ पासून आहे. बरीचा मालक त्या काळातलाच. थायलंडचे माजी पंतप्रधान थाकसिन, मायदेशी भ्रष्टाचाराचे खटले चालू असताना, २००७ मध्ये मँचेस्टर सिटीचे मालक होऊ शकले, तेही त्याच काळात. आत आलेल्या माणसाला काय करता येणार नाही, हे नव्या कायद्याने लिहून ठेवलंय. मला त्याचं खरं मोल तिथे दिसतं.

प्रश्न : आपल्याकडे असा नियामक नाही का? आयएसएलचे (इंडियन सुपर लीगचे) क्लब कोणाला उत्तरदायी असतात? (वाचक, मानेवाडा)

मालकांसाठी वेगळा नियामक नाही. भारतीय फुटबॉल महासंघाची क्लब लायसन्सिंगची, म्हणजे क्लबांना परवाना देण्याची, पद्धत आहे, आशियाई महासंघाच्या धर्तीवर. त्यात खेळ, सुविधा, माणसं, कायदा आणि पैसा असे पाच प्रकारचे निकष असतात आणि मालकी कोणाची हेही कळवावं लागतं. पण निकष चुकले तरी सवलत देऊन खेळू दिल्याची उदाहरणं आहेत. २०२५ चा राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा महासंघांच्या कारभाराबद्दल आहे, क्लबच्या मालकाबद्दल नाही.

परिणाम पाहायला लांब जायला नको. मुंबईची महिंद्रा युनायटेड २०१० मध्ये बंद झाली. कंपनीने ठरवलं, संपलं. पुणे एफसी २०१५ मध्ये गेली. एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये गुंडाळली आणि तिची जागा हैदराबादला मिळाली. हैदराबादने २०२२ मध्ये विजेतेपद काढलं, पुढच्या दोन वर्षांत पगार थकले, फिफाने नवे खेळाडू नोंदवायला बंदी घातली आणि २०२५ मध्ये संघ दिल्लीला जाऊन नव्या नावाने उभा राहिला. एक जागा, तीन शहरं! पुण्यातल्या ज्या पोराने नारिंगी-जांभळी जर्सी विकत घेतली, त्याला कोणी विचारलं होतं?

प्रश्न : पैसा घालायचा उद्योगपतीने आणि हुकूम चालवायचा गॅलरीतल्या लोकांनी? एवढ्या अटी घातल्या तर विदर्भात फुटबॉलला हात कोण लावेल? इथे आधीच सगळा पैसा जामठ्याच्या क्रिकेट स्टेडियमच्या वाटेने जातो. (एक व्यावसायिक, धरमपेठ)

तुमचा वैताग समजतो. पण जर्मनीत १९९८ पासून नियम आहे की निम्म्याहून एक मत जास्त क्लबच्या सभासदांकडे राहिलं पाहिजे. लेव्हरकुसेन, वुल्फ्सबर्ग असे मोजके अपवाद. तरी तिथे उद्योगपती पैसे घालतातच. बायर्नमध्ये आदिदास, आउडी आणि अलियान्झ यांचे भाग आहेत. नियंत्रण मिळणार नाही, हे माहीत असून घेतलेत.

आणि अटींमुळे पळणारा माणूस कोण असतो? गेल्या पन्नासेक वर्षांत या शहरात मी पाहिलंय : ज्याला खेळात पैसे घालायचे असतात तो ‘हिशेब कसा ठेवू?’ विचारतो. ज्याला जागेत रस असतो तो ‘सातबारा कुठे आहे?’ विचारतो.

प्रश्न : सप्रेम नमस्कार. आमचा उत्तर नागपुरातला जुना क्लब आहे. संस्था नोंदणी कायद्याखाली आणि धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी झालेली आहे. नझूलच्या (सरकारी जागेच्या) लीजवरचं मैदान, जिल्हा संघटनेची संलग्नता आणि सत्तर-ऐंशी पोरं. एका बांधकाम व्यावसायिकाचा प्रस्ताव आलाय : संघ त्यांच्या नव्या कंपनीकडे द्यायचा, क्लबच्या नावाआधी त्यांचं नाव लावायचं, दरवर्षी २० लाख मिळतील आणि मैदानावर टर्फसोबत ‘थोडी दुकानं’ होतील. अर्धी कमिटी खूश आहे. हा माणूस योग्य की अयोग्य, हे कसं ओळखायचं? (सचिव)

सचिवसाहेब, माणसाची तपासणी एका दुपारचं काम आहे. महारेराच्या साइटवर त्यांचे प्रकल्प पाहा, किती लांबले आणि तक्रारी किती. कंपनी मंत्रालयाच्या साइटवर त्यांच्या कंपन्या, त्यांवरचे बोजे आणि संचालक म्हणून ते अपात्र ठरलेत का ते दिसतं. सलग तीन वर्षं कंपनीची विवरणपत्रं न भरणारा संचालक पाच वर्षं अपात्र होतो, कंपनी कायद्याचं कलम १६४. ई-कोर्ट्सवर नावाने खटले शोधा. मग ज्यांनी त्यांच्याकडून फ्लॅट घेतलाय अशा दोघांना चहा पाजा. ही शेवटची तपासणी सर्वात कामाची!

हे सगळं चांगलं निघालं तरी प्रस्ताव आहे तसा घेऊ नका.

तुमच्या पत्रात मला टर्फपेक्षा दुकानं मोठी दिसली. आखीव पत्रिका (जागेचं प्रॉपर्टी कार्ड) आणि लीजचा मूळ कागद काढा आणि लीज कोणत्या कारणासाठी दिलीय ते वाचा. खेळासाठी दिलेल्या नझूल जागेवर दुकानं काढली तर शर्तभंग होतो, आणि शर्तभंगाची नोटीस कंपनीला येत नाही, लीजधारकाला येते. म्हणजे तुम्हाला. शिवाय सार्वजनिक न्यासाची स्थावर मालमत्ता विकायची, किंवा अशी बिगरशेती जागा तीन वर्षांहून जास्त मुदतीने भाड्याने द्यायची, तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५०, कलम ३६. कमिटीतल्या खूश मंडळींना हे कलम मोठ्याने वाचून दाखवा. बरी आणि डर्बीच्या लोकांना ज्या कुलपासाठी २०२५ पर्यंत थांबावं लागलं, ते आपल्याकडे १९५० पासून आहे. अर्थात आपल्याकडे ते वापरायची सवय नाही. किल्ली कुठे ठेवली तेही पुष्कळ संस्थांना आठवत नाही.

दुसरं, ते २० लाख. पत्रात तुम्ही ‘मिळतील’ म्हणता. कसे? देणगी, प्रायोजकत्वाची फी की उचल? मी जे हिशेब तपासले त्यात अशी रक्कम हटकून ‘बिनतारणी कर्ज’ म्हणून बसलेली असायची. पहिल्या वर्षी कोणाच्या लक्षात येत नाही, कारण पोरांना नवे बूट मिळालेले असतात. पाच वर्षांनी एक कोटीचं देणं उभं राहतं, व्याज वेगळं, आणि मग दाता सभेत म्हणतो, ‘पैसे नका देऊ, मैदानाचं काहीतरी करू.’ न्यासाच्या नावाने कर्ज काढायलाही आयुक्तांची आधी मंजुरी लागते, कलम ३६ अ. मंजुरी नसेल तर एक रुपयाची उचलही वहीत येऊ देऊ नका. पैसे प्रायोजकत्व म्हणून घ्या, हंगाम सुरू होण्याआधी घ्या, आणि प्रशिक्षक व ग्राउंडमन यांच्या एका हंगामाच्या पगाराची बँक गॅरंटी मागा.

तिसरं, संलग्नता. खरं तर तो माणूस तीच विकत घेतोय. नवा संघ काढला तर त्याला सगळ्यात खालच्या डिव्हिजनपासून यावं लागेल. संलग्नता क्लबच्याच नावावर राहू द्या. कंपनीला संघ चालवायचा हक्क फक्त वर्षावर्षाच्या कराराने द्या. नाव आणि बोधचिन्ह ट्रेडमार्क म्हणून क्लबच्या नावे नोंदवून घ्या, कंपनीच्या नव्हे. नाव जोडायचंच असेल तर क्लबच्या नावानंतर, आणि करार संपला की आपोआप गळून पडेल असं लिहा. मोहन बागानच्या नावाआधी २०२० मध्ये ‘एटीके’ हे दुसऱ्या क्लबचं नाव लागलं आणि ते काढायला चाहत्यांना तीन वर्षं भांडावं लागलं. तिथे लाखो चाहते होते. तुमच्यासाठी कोण भांडेल? सत्तर-ऐंशी पोरं आणि त्यांचे बाप.

आणि सर्वात महत्त्वाचं : ‘आधी एमओयू करू, बारकावे मग पाहू’ याला नाही म्हणा. ईस्ट बंगालने २०२० मध्ये गुंतवणूकदाराशी प्राथमिक करार केला, संघ मैदानात उतरला आणि मग अंतिम मसुद्यावर गाडं अडलं. क्लबचे हक्क जातात म्हणून पदाधिकारी सही करेनात. जुलै २०२१ मध्ये क्लबबाहेर चाहत्यांवर पोलिसांच्या लाठ्या पडल्या आणि पुढच्या वर्षी गुंतवणूकदार निघून गेला. बारकाव्यांतच सगळं असतं, भाऊ.

हे सर्व ठरलं की विशेष सर्वसाधारण सभा बोलवा. त्याआधी धर्मादाय कार्यालयातून तुमच्या शेड्यूल वनचा (न्यासाच्या नोंदीचा) ताजा उतारा काढा. बऱ्याच जुन्या क्लबांत त्यावर वारलेल्या विश्वस्तांची नावं असतात, कारण चेंज रिपोर्ट, म्हणजे विश्वस्त बदलल्याची सूचना, कोणी दाखलच केलेला नसतो. तुमचं तसं असेल तर आजची कमिटी कागदोपत्री कमिटीच नाही आणि तिची सही असलेला करार कोणीही कोर्टात ओढू शकतो. चेंज रिपोर्टची मुदत ९० दिवसांची. ती टळली असेल तर विलंब माफीच्या अर्जासह दाखल करा.

उतारा, लीजचा कागद आणि प्रस्तावाचा मसुदा असे तीन कागद मासिकाच्या पत्त्यावर पाठवा, वाचून कळवतो. मोबाइलने फोटो काढणार असाल तर लीजची मागची बाजूही काढा. शर्ती तिथेच असतात.