फुटबॉलमध्ये पैसा आणि ब्रँडिंग एवढं वाढल्यावर क्लबवरची निष्ठा उरते का?

तुमच्या प्रश्नाच्या शेवटी एक ओळ आहे, तेवढ्यासाठी लिहायला बसलोय. तुम्ही म्हणता, "जर्सी कुठल्या रंगाची आणि तिच्यावर नाव कुणाचं, याने खेळाला काय फरक पडतो?" हीच ओळ माझ्या चुलतभावाने, दादाने, 2012 साली भर बैठकीत माझ्या तोंडावर फेकली होती. आमच्यातलं ते भांडण अजून मिटलेलं नाही.

मी कोल्हापूरचा. आमच्या पेठेतल्या तालमीच्या फुटबॉल संघाचं किट मी नऊ वर्षं सांभाळलं. तालमीचं नाव लिहीत नाही, आणि रंगही सांगत नाही, कारण रंग सांगितला की शाहू स्टेडियमला एकदा जरी गेलेला माणूस तालीम ओळखेल. माझा मुद्दाही तोच आहे.

मॅचच्या आदल्या दिवशी जर्सी दादाच्याच गच्चीवर वाळायच्या. काकी धुवायची. अठरा जर्सी, दोन तारांवर, छापलेले नंबर उन्हाने तडकू नयेत म्हणून उलट्या करून घातलेल्या. खालून सायकलवरून जाणारा माणूस एक पाय टेकवून वर बघायचा आणि विचारायचा, "उद्या कुणाबरबर?" मॅच आहे हे त्याला कुणी सांगितलेलं नसायचं. तारेवरचा रंग बघून पेठेला कळायचं.

त्या वर्षी सीझनच्या आधी एक व्यावसायिक पुढे आला. तीन लाख देतो म्हणाला. आमची वर्गणी दारोदार फिरून लाखभर व्हायची, तेव्हा तीन लाख म्हणजे बूट, प्रवास, पोरांचं मानधन सगळं सुटत होतं. अटी दोन. तालमीच्या नावाआधी त्याच्या फर्मचं नाव, आणि जर्सीचा रंग त्याच्या दुकानाच्या पाटीचा. पहिली अट मी दात-ओठ खाऊन मान्य केली असती. दुसरीला विरोध करायला उभा राहिलो. दादा तेव्हा संघाचा मॅनेजर. तो म्हणाला, "रंग काय गोल मारतोय व्हय?" आणि खिशातून मोबाइल काढून सगळ्यांना कार्डिफ सिटी दाखवायला लागला.

कार्डिफ म्हणजे वेल्समधला, इंग्लंडच्या लीगमध्ये खेळणारा क्लब. शंभर वर्षं निळ्या जर्सीत खेळलेला, टोपणनावच 'ब्लूबर्ड्स'. मलेशियाचे मालक व्हिन्सेंट टॅन यांनी 2012 मध्ये जर्सी लाल केली आणि चिन्हावरचा निळा पक्षी बारीक करून तिथे मोठा ड्रॅगन बसवला. आशियाच्या बाजारात लाल रंग चालतो, असं गणित होतं. आणि त्या सीझनला कार्डिफ खरंच जिंकत होता. दादाकडे पुरावा होता, माझ्याकडे काकीची गच्ची. मतदान झालं. चौदा विरुद्ध पाच.

नव्या जर्सी आल्या. पहिल्याच धुण्यात रंग सुटला आणि पांढऱ्या चड्ड्यांना लागला. ते राहू दे, कापडाचा दोष म्हणता येईल. मला लागलं ते वेगळंच. जर्सी तारेवर वाळत होत्या आणि शेजारच्या वहिनी काकीला विचारत होत्या, "ह्या कुणाच्या हाईत? पाव्हणं आल्यात काय?" पेठेतल्या पेठेत आमचा संघ पाहुणा झाला होता. पहिल्या मॅचला आमचे लोक आले, पण झेंडे जुन्या रंगाचे घेऊन. गॅलरीत एक रंग आणि मैदानात दुसरा. संघ बाहेर आला तेव्हा नेहमी उठायचा तो आवाज दोन-तीन सेकंद उशिरा उठला. ते दोन-तीन सेकंद मी अजून विसरलो नाही.

पैशाचं म्हणाल तर दीड लाख मिळाले. दुसरा हप्ता उपांत्य फेरीत हरल्यावर आलाच नाही. पुढच्या वर्षी त्या माणसाने दुसरीकडे पैसे लावले आणि आम्ही परत वर्गणीची पुस्तकं छापून जुन्या रंगाच्या जर्सी शिवून घेतल्या.

आता तुमच्या प्रश्नाकडे येतो. हा प्रकार आजचा नाही. 1973 मध्ये जर्मनीत ब्राउनश्वाइग शहराच्या क्लबला एका मद्य कंपनीची जाहिरात छातीवर घालायची होती. महासंघ नको म्हणाला. मग क्लबने आपल्या चिन्हातला सिंह काढून त्या बाटलीवरचं हरीणच क्लबचं चिन्ह म्हणून घेतलं. स्पेनच्या बार्सिलोना क्लबने 2006 मध्ये छातीवर मुलांसाठी काम करणाऱ्या युनिसेफचं नाव लिहिलं आणि वर युनिसेफलाच पैसे दिले, तेव्हा जगाने टाळ्या वाजवल्या. पाच वर्षांत त्याच जागी कतार फाउंडेशन पैसे देऊन आलं. छातीवरची जागा विकली जाणार, हे मी मान्य केलंय. भाडं आहे ते. भाडेकरू येतो आणि जातो. रंग आणि नाव म्हणजे घराचा सातबारा. तो आज खेळणाऱ्या, आज मालक असणाऱ्या किंवा आज बैठकीला हजर असणाऱ्या चौदा जणांच्याच मालकीचा नसतो.

निष्ठा उरते का? उरते. पण ती मालकाच्या मागे जाईलच असं नाही. 2005 मध्ये रेड बुल या पेय कंपनीने ऑस्ट्रियातला साल्झबर्गचा क्लब घेतला आणि जांभळा-पांढरा रंग काढून टाकला. चाहते भांडायला गेले तर तोडगा काय दिला? गोलकीपरच्या मोज्यांना जांभळा रंग ठेवू. मोज्यांना! लोक उठून गेले, जुन्या नावाने आणि जुन्या रंगात नवा क्लब काढला आणि 2006 मध्ये देशातल्या सगळ्यात खालच्या लीगपासून सुरुवात केली. आपल्याकडे कोलकात्यात 2020 मध्ये एटीके या दुसऱ्या क्लबशी जोडणी झाली आणि मोहन बागानच्या नावाआधी 'एटीके' लागलं. 1889 चा क्लब. हिरवा-मरून रंग टिकला, तरी लोक तीन वर्षं नाव काढा म्हणून मागे लागले आणि 2023 मध्ये ते निघालं. मला वाटतं आपल्या देशात फुटबॉल चाहत्यांनी मिळवलेला हा फार मोठा विजय आहे, आणि त्याचं हवं तेवढं कौतुक झालेलं नाही.

उलट उदाहरण पुण्याचं. पुणे एफसी 2012-13 च्या आय-लीगमध्ये, म्हणजे तेव्हाच्या देशातल्या मुख्य लीगमध्ये, दुसरा आला होता. 2015 ला बंद. आयएसएल म्हणजे इंडियन सुपर लीग, तिच्यातला एफसी पुणे सिटी 2014 ला आला, 2019 ला तोही गेला आणि लीगमध्ये त्याची जागा हैदराबादच्या संघाने घेतली. बालेवाडीला जाणाऱ्या पोराने निष्ठा ठेवायची तरी कुणावर? मालकाला परवडेनासं झाल्यावर क्लब हातात घ्यायला मागे पेठच नव्हती.

तुम्ही कुठल्या क्लबच्या मागे राहावं ते मी सांगणार नाही. एवढंच बघा, की मालक उद्या निघून गेला तर त्या क्लबच्या जर्सी धुवायला कुणी उरतं का.

एक गोष्ट लपवली तर अन्याय होईल. त्या दीड लाखातल्या पैशांतूनच आमच्या एका हाफच्या, म्हणजे मधल्या फळीतल्या पोराच्या, गुडघ्याचं लिगामेंटचं ऑपरेशन झालं. वर्गणीतून ते झालं नसतं. तो पोरगा आज खेळत नाही, पण नीट चालतो, कामाला जातो. पैसा वाईट असं मी कधीच म्हणालो नाही, तेव्हाही नाही. पोरं फुकट खेळावीत असं वाटणाऱ्यांपैकी मी नाही. आम्ही पाच जण त्या रात्री एवढंच म्हणत होतो, की नाव घे, छाती घे, रंग सोड, आणि त्यावर त्या माणसाशी बोलून तर बघा. कुणी बोलूनच बघितलं नाही. कदाचित तो ऐकलाही असता.

दादा अजून प्रत्येक गणपतीत तेच म्हणतो, कार्डिफ लाल जर्सीत प्रीमियर लीगला, म्हणजे इंग्लंडच्या सगळ्यात वरच्या लीगला गेला. गेला, 2013 ला. 2014 ला खाली आला तोही लालच जर्सीत. आणि 2015 च्या जानेवारीत टॅन यांनीच परत निळी जर्सी दिली.