काळ्या मातीवर वरचा मजला चढवण्याआधी

दादा, तुमचं वर्णन दोनदा वाचलं. परभणीकडचं घर, काळी माती, फुटिंग (पायाचा रुंद तळ) चार फुटांवर. खिडक्यांच्या कोपऱ्यांतून निघालेल्या तिरप्या भेगा मे महिन्यात नाणं सरकेल एवढ्या रुंद होतात आणि पोळ्यापर्यंत जवळजवळ मिटतात. मिस्त्रींनी उन्हाळ्यात पहार मारून बघितली, ती उसळली, म्हणून ते म्हणतात जमीन दगड आहे, चढवा वरचा मजला. शिवाय भिंतीलगत पाण्याची टाकी खणायची आहे. माझं मत आधीच सांगतो: तपासणी होईपर्यंत मजला थांबवा, आणि टाकी त्या जागी खणूच नका.

मिस्त्री खोटं बोलत नाहीत. पण पहार लागली ती मेमधल्या जमिनीला. शेती करणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. ज्या रानात उन्हाळ्यात भेगेत हात जातो, त्याच रानात पाऊस लागला की वाफसा येईपर्यंत पाय टाकता येत नाही. या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं. त्याचे पापुद्रे इतके पातळ असतात की पाणी त्यांच्यामध्ये शिरून त्यांना दूर ढकलतं आणि माती फुगते. पाणी गेलं की आटते. तुमच्या घराच्या मध्याखालची जमीन झाकलेली असल्यामुळे बारा महिने जवळपास सारखीच ओली राहते. कडेची मात्र सुकते आणि भिजते. म्हणजे उन्हाळ्यात कोपरे खाली बसतात, पावसाळ्यात वर येतात. भेग वरच्या टोकाला जास्त रुंद आहे का ते बघा. असेल तर कोपरा खाली जातोय असं समजा.

कोणीतरी तुम्हाला सांगितलंय की वरून वजन वाढलं की फुगणं दबेल. तत्त्वतः बरोबर आहे, पण फुगणाऱ्या मातीचा दाब घराच्या वजनाहून बहुतेक वेळा जास्त भरतो. आणि खरी अडचण वेगळीच आहे: भिजलेली हीच माती भार पेलताना कमजोर झालेली असते. तुमच्या पायाचा हिशेब ऑगस्टमधल्या जमिनीवर व्हायला हवा.

भाराखाली माती तुटते कशी, तेही सांगतो. फुटिंगखालचा मातीचा एक भाग पाचरीसारखा खाली घुसतो, बाजूची माती रेटतो आणि ती बाजूची माती वर उचलली जाते. तिला दाबून ठेवायला असतं काय? शेजारच्या मातीचं स्वतःचं वजन आणि तिची चिकटण्याची, घासण्याची ताकद. चिकणमातीवर भार भराभर चढवला तर आतल्या पाण्याला निघायला वेळच मिळत नाही. वाढलेला दाब पाणी घेतं, आणि पाण्यात तर घर्षण नसतं. मातीच्या अभियांत्रिकीचे जनक मानले जाणारे कार्ल टेर्झागी यांनी 1920च्या दशकात हे नीट मांडलं. त्याच्या आधीच एक मोठी इमारत याची किंमत मोजून बसली होती.

कॅनडात विनिपेगजवळ ट्रान्सकोना इथे रेल्वे कंपनीने दहा लाख बुशेल (धान्य मोजायचं तिकडचं माप) धान्य मावेल असं काँक्रीटचं कोठार बांधलं. सप्टेंबर 1913 मध्ये गहू भरायला सुरुवात झाली. पायाच्या खड्ड्यात लहान पाट्यांवर भार देऊन जमीन तपासलेली होती आणि ती भक्कम भरली होती. 18 ऑक्टोबरला आत सुमारे 8 लाख 75 हजार बुशेल, म्हणजे जवळपास 24 हजार टन गहू असताना कोठार तासाभरात फूटभर खचलं, आणि चोवीस तासांत सुमारे 27 अंशांनी कललं. काँक्रीट बहुतांश शाबूत होतं. तुटली ती खालची माती. पुढे 1951 मध्ये तिथे बोअर घेतले तेव्हा कळलं की वरची कडक चिकणमाती खाली जाईल तशी मऊ होत जाते. लहान पाटीचा भार तिच्या रुंदीच्या साधारण दुप्पट खोलीपर्यंतच जाणवतो, कोठाराचा पाया मात्र 23 मीटरहून रुंद होता. पाटीने वरचा थर तपासला, गव्हाचं ओझं खालच्या थरापर्यंत पोचलं. कोठार नंतर खडकापर्यंत आधार देऊन सरळ केलं आणि वापरातही आणलं.

मिस्त्रींची पहार त्या पाटीहूनही लहान आहे, दादा.

टाकीबद्दल. फुटिंगला लागून खड्डा खणला की बाजूने दाबून धरणारी माती तुम्ही स्वतःच काढून टाकता. शांघायमध्ये जून 2009 मध्ये 13 मजली इमारत अशीच आडवी झाली: एका बाजूला तळघराचा खड्डा, दुसऱ्या बाजूला उकरलेल्या मातीचा डोंगर. तुमचा खड्डा लहान असेल, पण टाकी पुढे गळली तर एकाच कोपऱ्याला बारमाही पाणी मिळेल. माझ्या भावाच्या घरी मोरीचा पाइप आतून फुटला होता. त्या एका खोलीची फरशी वर आली, आणि आम्ही वर्षभर दोष छतात शोधत बसलो होतो.

तुम्ही आधी हे करा. भेगांवर काचेच्या पट्ट्या प्लास्टरने चिकटवून तारीख लिहा आणि एक पूर्ण वर्ष नोंदी ठेवा. पावसाळा संपताना दोन ठिकाणी बोअर घ्या, मुरूम लागेपर्यंत. नमुन्यांची ताकद ओल्या स्थितीत तपासून घ्या, फ्री स्वेल इंडेक्सही, म्हणजे माती पाण्यात किती फुगते त्याचा आकडाही, काढा. घराभोवती निदान दीड मीटर रुंद, बाहेर उतार दिलेला पक्का पट्टा करा. पन्हाळीचं पाणी त्याच्याही पलीकडे सोडा. भिंतीजवळ लिंबाचं झाड आहे म्हणता, ते उन्हाळ्यात तिथलंच पाणी ओढतं. पण घाईने तोडू नका, कारण तोडल्यावर तीच जागा फुगू शकते.

अहवाल आला की स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. मुरूम आठ-नऊ फुटांवर लागला तर वरच्या मजल्याचं वजन जुन्या फुटिंगवर न टाकता नव्या कॉलममधून तिथपर्यंत नेता येईल. तो फार खोल असेल तर अंडर-रीम्ड पाइल आहेत, म्हणजे जमिनीत खोल उतरवलेले, खाली फुगवटा असलेले खांब. रुरकीच्या सीबीआरआयने (केंद्रीय भवन संशोधन संस्थेने) ते अशाच मातीसाठी पुढे आणले. फुगवटा कमी हलणाऱ्या थरात रुतून बसतो. बोअरचे आकडे हाती आले की इथेच टाका, मी बघून सांगतो.