यंत्रमानव, रोबो आणि वेठ

प्रश्न असा आलाय: केरळात तयार झालेलं, मॅनहोलमध्ये उतरून गाळ उपसणारं ‘बँडिकूट’ हे यंत्र बातम्यांत कुठे रोबो असतं, कुठे रोबोट, तर कुठे यंत्रमानव. बरोबर काय?

यंत्रमानव तर नाहीच नाही. त्याला ना डोकं ना धड, पाय आहेत तेही कोळ्यासारखे. या एका शब्दाने बातम्यांची पार वाट लावली आहे. ‘यंत्रमानवाने काढली प्रोस्टेट ग्रंथी’ म्हणे! ‘दा विंची’ या शस्त्रक्रियेच्या यंत्रावर सर्जन पडद्यात डोकं खुपसून बसलेला असतो, हातापायांनी ते चालवत असतो. त्याने बोट हलवलं नाही तर यंत्राचा हात जागचा हलत नाही. मथळ्यात मात्र श्रेय यंत्रमानवाला. त्याला ‘यंत्रहस्त’ म्हणा की सरळ.

गंमत म्हणजे मूळ रोबो यंत्र नव्हतेच. कारेल चापेक या चेक लेखकाच्या १९२० च्या ‘आर. यू. आर.’ नाटकातले रोबो रासायनिक द्रव्यापासून घडवलेले, हाडामांसाचे म्हणावेत असे मजूर आहेत. चापेकला आधी लॅटिनवरून ‘लाबोरी’ म्हणायचं होतं. चित्रकार भाऊ योसेफ चित्र रंगवत होता. तोंडात कुंचला धरूनच तो पुटपुटला, ‘मग रोबो म्हण.’ ही हकीकत चापेकनेच पुढे लिहून ठेवली आहे. चेक भाषेत ‘रोबोटा’ म्हणजे जमीनदाराच्या शेतावर कुळाने फुकट राबणं. १७७५ मध्ये ऑस्ट्रियाच्या महाराणी मारिया थेरेसाने बोहेमियात, म्हणजे चेक मुलखात, त्यावर आठवड्याला तीन दिवसांची मर्यादा घातली. प्रथा गेली ती १८४८ साली.

म्हणजे आपली वेठ! हा शब्द संस्कृत ‘विष्टि’वरून आला. कौटिल्याच्या ‘अर्थशास्त्रा’त तो आहेच, पण मला जास्त आवडतो तो विदर्भातल्या वाकाटकांच्या ताम्रपटांतला. अमरावतीकडच्या चमकच्या ताम्रपटात दुसऱ्या प्रवरसेनाने दान दिलेलं गाव सगळ्या विष्टीतून मोकळं केलं आहे. आणि आज आपण काय लिहितो? ‘संपकऱ्यांनी प्रवाशांना वेठीस धरले.’ अहो, काम बंद ठेवून वेठीस कसं धरता येईल? वेठीस धरणं म्हणजे धरून नेऊन फुकट राबवणं. प्रवाशांचा खोळंबा झाला, एवढं म्हटलं तरी पुरतं.

आता खरी मजा. रोबोटातला ‘रब’ म्हणजे स्लाव भाषांतला गुलाम. तो ज्या धातूवरून आला त्याच धातूवरून ग्रीकमधला ‘ऑर्फनोस’, म्हणजे अनाथ, आणि आपला ऋग्वेदातला ‘अर्भ’, त्यावरून ‘अर्भक’. ज्याला वाली नाही तो आधी पोरका, मग दुसऱ्याच्या दारचा राबता हात. रोबो आणि अर्भक ही चुलत भावंडं! काही व्युत्पत्तिकार इथे मान हलवतात, ध्वनी जुळले तरी अर्थ फार लांब गेलाय म्हणतात. त्यांनी आपल्याकडचा ‘पोऱ्या’ आठवून बघावा. पोर आणि घरकाम करणारा नोकर, दोन्ही तोच. अर्थ लांब जातो म्हणे!

हां, तर ‘ट’चं काय? ‘रोबो हे अर्धवट रूप, रोबोटच लिहा’ असं दटावणारे शुद्धलेखनवाले भेटतात. माझा तर्क वेगळा आहे. ‘रोबोट’चं सामान्यरूप ‘रोबोटाला’ करायचं की ‘रोबोटला’, या पेचात न पडता मराठी जिभेने ‘ट’च टाकून दिला. रोबोला, रोबोने, रोबोचा, कुठे अडत नाही. फ्रेंच लोकही ‘ट’ लिहितात आणि बोलताना गिळतात, त्यांना कोणी दटावत नाही. खुशाल रोबो लिहा.