पर्सेलचं अँथम बसवताना

प्रिय,

अंत्यविधीत गायला इंग्लिश संगीतकार हेन्री पर्सेलचं ‘दाऊ नोएस्ट, लॉर्ड’ (‘प्रभू, तू जाणतोस’) हे अँथम, म्हणजे चर्चमधलं समूहगीत, घेतलंस, छान केलंस. ‘सोपं आहे, दोन तालमींत होईल’ हे मात्र मला पटत नाही. दोन तालमींत सूर बसतील. शब्द एकत्र पडायला अजून दोन लागतील, आणि या रचनेत तेच खरं काम आहे.

इंग्लंडची राणी दुसरी मेरी देवीच्या साथीत गेली. ५ मार्च १६९५ रोजी वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीत झालेल्या तिच्या अंत्यविधीसाठी पर्सेलनं हे रचलं. हेच शब्द त्यानं आधी गुंतागुंतीच्या बांधणीत बसवले होते. इथे चारही आवाज बहुतेक जागी एकच शब्द एकाच वेळी म्हणतात. त्यामुळे लपायला जागा नाही. ‘हार्ट्‌स’ या शब्दातला शेवटचा ‘स’ चौघांनी चार वेळी सोडला की साप फुसकारल्यासारखं होतं. तो दोघांनीच म्हणावा, बाकीच्यांनी गिळावा. ऐकणाऱ्याला कळत नाही.

पहिली तालीम सुरांशिवाय घे, फक्त लयीत वाचन. आपल्या तोंडात ‘दाऊ’ आणि ‘दी’चा द टणक येतो. जीभ दातांना हलकीच टेकवून हवा जाऊ द्यायची. ‘डेथ’च्या शेवटी ‘थ’चा फुत्कार नको.

दुसऱ्या तालमीत आल्टोकडे, म्हणजे चार आवाजांतल्या वरून दुसऱ्या ओळीकडे, बघ. ही ओळ पुरुषांच्या आवाजासाठी लिहिलेली, म्हणून बायकांना जागोजागी खाली पडते आणि मधला स्वर पोकळ होतो. एखादा हलका टेनर (उंच पुरुषी आवाज) त्यांच्यात बसव. बारा जणांत सोप्रानो (सर्वांत वरचा आवाज) चारच ठेव.

संथ गाताना सूर उतरतो, कारण वाक्याच्या शेवटी श्वास संपलेला असतो. श्वासाच्या जागा पेन्सिलीनं खुणावून दे. लांब वाक्यात सगळ्यांनी एकदम श्वास घेऊ नये. आणि लय रेंगाळू देऊ नकोस: पूर्ण रचना अडीच मिनिटांच्या आसपास संपावी, साडेतीन झाली तर ती दुःखामुळे नाही, आळसामुळे. ‘स्पेअर अस’च्या आधीची शांतता मात्र पूर्ण मोज. तिथे घाई झाली की विनवणी हुकूम वाटते.

ऑर्गन असेल तर त्यानं फक्त स्वरमेळ द्यावा आणि गाताना हलकेच साथ करावी. नसेल तर ट्यूनिंग फोर्क (एकच ठरावीक स्वर देणारा धातूचा चिमटा) सांभाळून वापर. रचना ई फ्लॅटमध्ये आहे, फोर्क ‘ए’ देतो. म्हणजे ई फ्लॅट सा धरला तर तो तीव्र मध्यम. तिथून थेट सा शोधायला गेलं की भलताच स्वर हाती लागतो. अर्धा स्वर वर चढ, पंचम मिळेल; त्यावरून खाली सा घे. हे मनातल्या मनात कर, शवपेटीशेजारी गुणगुणत नाही.