चर्चच्या संकेतस्थळासाठी कमी-अधिक तांत्रिक ज्ञान असलेले स्वयंसेवक कसे सांभाळावेत?

आपल्या सात स्वयंसेवकांपैकी दोघांना प्रोग्रॅमिंग उत्तम येते, बाकीच्यांना फेसबुकपलीकडे फारसे काही जमत नाही, आणि जाणकारांचे काम न रखडता या पाच जणांना कसे सामावून घ्यावे, असे आपण विचारले आहे. माझ्या मते सांभाळावे लागते ते त्या दोघांना.

वसईतील आमच्या धर्मग्रामाचे संकेतस्थळ सुरू करायचे ठरले, तेव्हा ते वर्डप्रेसवर, म्हणजे कोड न लिहिता संकेतस्थळ चालवता येणाऱ्या तयार प्रणालीवर, करावे असे मी बैठकीत सुचवले होते. आमच्यातला एकमेव व्यावसायिक अभियंता म्हणाला की ते हौशी लोकांचे काम आहे. त्याने पीएचपी या प्रोग्रॅमिंग भाषेत सगळी यंत्रणा स्वतः लिहिली आणि ती दिसायला सुंदर होती, हे मान्य करतो. धर्मग्रामाचे पत्रक वर्षानुवर्षे टाइप करणाऱ्या निवृत्त टीचर मात्र युनिकोड ही आजची प्रमाण अक्षरपद्धती येण्यापूर्वीचे फॉन्ट वापरत. अशा फॉन्टमध्ये देवनागरी आकार रोमन अक्षरांच्या जागी बसवलेले असतात, त्यामुळे त्यांनी मिस्साच्या (चर्चमधील उपासनेच्या) वेळा संकेतस्थळावर चिकटवल्या की तेथे रोमन अक्षरांचा निरर्थक चिवडा उमटे. त्यावर अभियंता चारचौघांत हसला. मजकूर युनिकोडमध्ये बदलून घेणे हे पाच मिनिटांचे काम होते, पण टीचर त्यानंतर बैठकीला आल्या नाहीत.

पीएचपी ५.६ या जुन्या आवृत्तीची अधिकृत देखभाल २०१८ च्या अखेरीस थांबली आणि पुढच्या वर्षी आमच्या होस्टिंगवर (संकेतस्थळ ठेवलेल्या भाड्याच्या सर्व्हरवर) पीएचपी ७ आले. आमचे संकेतस्थळ ज्या जुन्या आज्ञांनी डेटाबेसशी बोलत असे, त्या या आवृत्तीतून काढून टाकलेल्या होत्या. १४ एप्रिलला, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या झावळ्यांच्या रविवारी, मिस्सा आटोपून मोबाइल उघडला तर कोरे पांढरे पान. अभियंता तोवर परदेशी गेला होता, होस्टिंगचे खाते त्याच्या खासगी ईमेलवर होते, आणि दोन दिवसांनी फोन लागला तेव्हा त्याचे म्हणणे एवढेच, की कोड निर्दोष आहे, सर्व्हर पूर्वीसारखा करून घ्या. दरम्यान टीचरनी पवित्र सप्ताहाचे वेळापत्रक एका ए-फोर कागदावर छापून चर्चच्या दारावर चिकटवले होते. शुक्रवारच्या विधीची वेळ ऐनवेळी बदलली, तेव्हा त्यांनी तीनचा आकडा लाल पेनने खोडून वर चार लिहिले. लोकांनी त्या कागदाचे फोटो काढले आणि संध्याकाळपर्यंत ते घरोघरी पोहोचले. संकेतस्थळावर तेवढीच दुरुस्ती करायला आम्हाला अभियंत्याच्या सुट्टीची वाट पाहावी लागत असे.

म्हणून माझे मत असे, की सर्वांत कमी जाणणारा माणूस जे चालवू शकेल तेवढेच उभारावे. वर्डप्रेसमध्ये कॉन्ट्रिब्यूटर मजकूर लिहून ठेवतो, पण प्रसिद्ध करू शकत नाही. आपल्या पाच जणांना तेथून सुरुवात करू द्या, आणि ज्याला शुद्धलेखन येते त्याला संपादक करा, मग तो कोडच्या बाबतीत निरक्षर का असेना. प्रशासक दोघेच असावेत आणि त्यांनी कोणताही बदल आधी संकेतस्थळाच्या प्रतीवर करून पाहावा. डोमेन (संकेतस्थळाचा पत्ता) व होस्टिंग चर्चच्या कार्यालयाच्या ईमेलवर घ्यावे; स्वयंसेवक कितीही प्रामाणिक असला तरी त्याच्या नावावर नको.

आपण ऑनलाइन देणग्या स्वीकारणार असाल तर हे सगळे पुरेसे नाही, तेथे जाणकारच हवा. शिवाय न्यायाने सांगायचे तर त्या अभियंता मुलाने रात्री जागून फुकट काम केले, आणि पासवर्ड कार्यालयात लिहून ठेव असे त्याला एकदाही न सांगणारा मीच होतो. तरीही पहिल्या बैठकीच्या इतिवृत्तात वर्डप्रेसची सूचना माझ्या नावासह नोंदलेली असून पुढे ‘अमान्य’ असा शेरा आहे, आणि त्या पानाचा फोटो मी अजून मोबाइलमधून काढलेला नाही.