अडतीस टक्क्यांची धास्ती

प्रबंध सादर करण्याचे दिवस जवळ आले की मुंबईतील महाविद्यालयांत समुपदेशकाकडे एक ठरावीक काळजी येऊ लागते. संदर्भ द्यायला चुकलो तर चोर ठरू, आणि ओळीओळीला संदर्भ दिले तर त्यात आपले स्वतःचे काय उरले? हे दोन्ही प्रश्न एकदमच घेऊन आलेल्या एका विद्यार्थिनीचा अनुभव तिच्या संमतीने, ओळख पटेल असे तपशील बदलून, येथे सांगत आहे.

ती डोंबिवलीला राहते, शाळेत शिकवते आणि 1982 च्या गिरणी संपावर मराठीतून पीएच.डी. करते. मार्गदर्शकांनी तिच्या मसुद्याचा साम्य अहवाल, म्हणजे मजकूर इतर लेखनाशी कोठे आणि किती जुळतो हे रंगवून दाखवणारा सॉफ्टवेअरचा अहवाल, तिला पाठवला होता आणि त्यावर 38 टक्के असा आकडा होता. त्यानंतर तिने प्रबंधाची फाइल उघडलीच नव्हती, मार्गदर्शकांचा फोन ती उचलत नव्हती आणि रात्री झोप लागत नव्हती. ‘‘मॅडम, मी चोरी केली आहे का?’’ हा तिचा पहिला प्रश्न होता. तो ती मला विचारत होती, पण अहवालाची पाने तिने स्वतः अजून उलटली नव्हती. धास्ती आकड्याची होती आणि आकडा कशाचा आहे हे पाहायचे धैर्य होत नव्हते, म्हणून आम्ही अहवाल एकत्र, पानोपान वाचायचे ठरवले. शैक्षणिक निर्णय मार्गदर्शकांचाच असतो, हेही मी तिला आधीच सांगितले.

प्रथम नियम काय आहे ते पाहिले, कारण ऐकीव माहितीने भीती फार वाढते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमावलीनुसार 10 टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही. 10 ते 40 टक्क्यांच्या टप्प्यात जास्तीत जास्त सहा महिन्यांच्या मुदतीत प्रबंध सुधारून द्यावा लागतो, 40 ते 60 टक्क्यांमध्ये सुधारित प्रबंध सादर करण्यास एक वर्ष मनाई होते आणि 60 च्या वर नोंदणीच रद्द होते. श्रेय देऊन घेतलेली अवतरणे, संदर्भसूची, अनुक्रमणिका, ऋणनिर्देश, कायद्यांची नावे आणि सलग चौदा शब्दांपर्यंतचे योगायोगाने जुळलेले शब्द या मोजणीतून वगळायचे असतात. तिच्या अहवालात यांतले काहीच वगळलेले नव्हते. संपूर्ण संदर्भसूची रंगली होती, आणि ‘मुंबई औद्योगिक संबंध अधिनियम, 1946’ हे नाव जितक्या वेळा आले होते तितक्या वेळा तेही रंगले होते. त्या कायद्याचे नाव घेतल्याशिवाय या संपावर लिहिणार तरी कसे?

हे सारे बाजूला काढल्यावर तिचा चेहरा सैल झाला, परंतु मी तिला तेवढ्यावर घरी पाठवले नाही, कारण पूर्वसंशोधनाच्या प्रकरणातली सात-आठ पाने खरोखरच अडचणीची होती. तेथे दुसऱ्याच्या प्रबंधातली वाक्ये, क्रियापदे आणि एखाददुसरे विशेषण बदलून, त्याच क्रमाने आली होती, आणि परिच्छेदाच्या अगदी शेवटी कंसात एक नाव होते. अशा मांडणीत कोणते वाक्य तिचे आणि कोणते त्या संशोधकाचे हे वाचकाला कळत नाही. हे कसे झाले याचे उत्तर लोकलमध्ये सापडले. ती डोंबिवली ते भायखळा प्रवासात मोबाइलवर टिपणे काढत असे. उतारा जसाच्या तसा, स्वतःचा विचार आणि इंग्रजी पुस्तकाचे घाईत केलेले मराठी, हे तिन्ही एकाखाली एक, पृष्ठ क्रमांकाशिवाय. काही महिन्यांनी ती टिपणे उघडल्यावर सगळेच तिला आपले वाटले. यात तिचा हेतू वाईट नव्हता, आणि हेतू वाईट नसला तरी ती पाने तशीच ठेवता येत नव्हती. या दोन्ही गोष्टी एकत्र मान्य करायला तिला वेळ लागला, आणि समुपदेशनाचा बराचसा भाग तेवढ्यातच गेला.

पुढचे काम टिपणांपासून सुरू झाले. प्रत्येक टिपणाच्या डोक्यावर लेखक, ग्रंथ, वर्ष आणि पृष्ठ, शब्दशः घेतलेले अवतरणचिन्हांत आणि स्वतःचे म्हणणे वेगळ्या रंगात. मग पुस्तक मिटून त्या लेखकाचा मुद्दा तिने मला तोंडी सांगायचा आणि नंतर लिहायचा. तोंडी सांगताना ती आपोआप म्हणू लागली, ‘‘पण मॅडम, मला हे पटत नाही, कारण...’’ आपले काय उरले, या प्रश्नाला तिचे तिलाच मिळालेले हे उत्तर होते. असहमत व्हायचे तर कोणाशी, हे आधी नाव घेऊन सांगावेच लागते.

कोठे संदर्भ हवा आणि कोठे नको, हेही तिच्याच विषयावर तपासले. संप 18 जानेवारी 1982 रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झाला, हे या विषयाच्या कोणत्याही वाचकाला ठाऊक असल्याने त्याला संदर्भ लागत नाही. किती कामगार संपावर होते याचा आकडा देताना मात्र स्रोत हवा, आणि संप का फसला याविषयीचे प्रत्येक मत कोणाचे तरी असल्याने तेथे नाव हवेच. तिने एका जुन्या अहवालाचा थेट संदर्भ दिला होता, पण तो अहवाल पाहिलेला नव्हता. दुसऱ्या ग्रंथातून उचलला होता. तेव्हा एक तर मूळ अहवाल मिळवावा, नाही तर ‘अमुक यांच्या ग्रंथात उद्धृत’ असे प्रांजळपणे लिहावे.

मराठीतून लिहिणाऱ्यांची एक खास अडचण येथे नोंदवते. इंग्रजी उताऱ्याचा अनुवाद सॉफ्टवेअरच्या नजरेतून सहज सुटतो, म्हणून त्याला संदर्भ नको अशी समजूत मी अनेकांकडून ऐकली आहे, आणि ती साफ चुकीची आहे. एपीए (अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशन) या संदर्भ देण्याच्या पद्धतीत स्वतः केलेला अनुवाद हा आशय-कथन समजला जातो, त्याला अवतरणचिन्हे लागत नाहीत, पण लेखक आणि वर्ष लागते. पद्धत एपीए असो, एमएलए असो की तळटिपांची, विभाग सांगेल ती घ्यावी आणि शेवटपर्यंत तीच ठेवावी. तिच्या मसुद्यात मध्येच ‘तत्रैव’ (म्हणजे वरच्याच ग्रंथात) आणि मध्येच कंसातले वर्ष असा गोंधळ होता.

छापील स्रोतांबाबत इतकी धास्तावलेली ही मुलगी वडिलांच्या आणि त्यांच्या गिरणीतल्या सोबत्यांच्या आठवणी मात्र सर्वज्ञात सत्य असल्यासारख्या लिहीत होती. त्या तिच्या घरातल्या होत्या, म्हणून त्यांना संदर्भ लागतो हे तिच्या लक्षातच आले नव्हते. मार्गदर्शकांशी बोलून तिने त्या मुलाखती रीतसर घेतल्या. प्रत्येकाची संमती, तारीख आणि ठिकाण नोंदले, आणि प्रबंधात त्यांना सांकेतिक क्रमांक दिले. संशोधनात सहभागी झालेल्यांच्या मुलाखती संदर्भसूचीत जात नाहीत; त्या संशोधनाची सामग्री म्हणून मजकुरातच येतात.

सुधारित अहवाल 9 टक्क्यांचा आला, तेव्हा तिने फोन करून विचारले की कामगारांच्या जाहीर पत्रकांतली अवतरणे काढली तर हा आकडा आणखी खाली येईल का. येईल, असे मी सांगितले, पण श्रेय दिलेली अवतरणे मुळात मोजायचीच नसतात, तेव्हा ती काढू नका, असेही सांगितले.