गोठणे, थिजणे, साकळणे

प्रश्न असा आहे : ‘पाणी गोठतं आणि रक्तही गोठतं. मुलीच्या विज्ञानाच्या पुस्तकाप्रमाणे पहिला बदल भौतिक, दुसरा रासायनिक. मग दोन्हींना क्रियापद एकच कसं? मराठीत वेगळे शब्द नाहीत का?’

आहेत की, हवे तेवढे आहेत. फक्त त्यांची वाटणी रसायनशास्त्राला विचारून झालेली नाही. पातळ पदार्थ घट्ट झाला की मराठी माणूस आधी पदार्थ कोणता ते पाहतो आणि त्याप्रमाणे क्रियापद लावतो. पाणी गोठतं. तूप, खोबरेल, मेण थिजतं. पिठलं आळतं. दही लागतं. नखावर मार बसला की खाली रक्त साकळतं आणि जखमेतून वाहणारं रक्त गोठतं.

यांतलं ‘थिजणे’ मला सगळ्यात विश्वासू वाटतं. ते बहुतेक स्निग्ध पदार्थांनाच लागतं, आणि थिजलेलं ऊब मिळताच पुन्हा पातळ होतं. खोबरेल 24 अंशांच्या आसपास थिजतं, म्हणून पुण्यात डिसेंबरात बाटली उन्हात ठेवावी लागते. तूप म्हणजे अनेक स्निग्धांचं मिश्रण. त्यामुळे ते पाण्यासारखं एका ठरावीक अंशाला घट्ट न होता हळूहळू रवाळ होत जातं. पण तूप थिजो वा वितळो, ते तूपच राहतं. हा भौतिक बदल. (‘तूप गोठलं’ म्हणणारी घरंही आहेत. त्यांना चूक ठरवायचं काही कारण नाही.)

‘गोठणे’ मात्र दोन्ही दरडींवर पाय ठेवून उभं आहे. पाण्याचा बर्फ झाला तरी रेणू तोच असतो. रक्ताचं तसं नाही. त्यात फायब्रिनोजेन नावाचं विरघळलेलं प्रथिन असतं. जखम झाली की थ्रॉम्बिन नावाचं दुसरं प्रथिन त्याचे तुकडे पाडतं, त्यातून फायब्रिनचे न विरघळणारे धागे तयार होतात आणि त्या जाळ्यात रक्तपेशी अडकून गुठळी धरते. नवा पदार्थ तयार झाला, म्हणून बदल रासायनिक. थंडीचा इथे काही संबंध नाही. हे सगळं 37 अंशांच्या अंगातच घडतं. उलट रक्तपेढीत 2 ते 6 अंशांच्या गारव्यात ठेवलेली पिशवी गोठत नाही, कारण तिच्यात मुद्दाम घातलेला सायट्रेट हा क्षार रक्तातलं कॅल्शियम बांधून ठेवतो आणि कॅल्शियमवाचून ही साखळी पुढे सरकत नाही. तेव्हा ‘रक्त गोठलं’ हे बरोबर मराठी आहे. परीक्षेत खुशाल लिहावं, पुढे कारण मात्र द्यावं. ‘भीतीने रक्त गोठलं’ ही वेगळी गोष्ट, तिथे दोन्हींपैकी कुठलाच बदल नसतो.

‘लागणे’ची गंमत आणखी वेगळी. दही लागलं की घर खूश, दूध लागलं की पातेलं घासणाऱ्याचं कपाळ आठ्यांनी भरलेलं. बदल दोन्हीकडे रासायनिकच : विरजणातले जिवाणू दुधातल्या साखरेपासून लॅक्टिक आम्ल करतात आणि त्या आंबटपणाने केसीन हे प्रथिन एकत्र येऊन घट्ट होतं, बुडाला लागलेल्या दुधात तीच साखर आणि प्रथिनं उष्णतेने करपतात. बासुंदीसाठी दूध ‘आटवतो’, तेव्हा शब्दाला फक्त पाणी गेलेलं दिसतं. तिचा बदामी रंग आणि खमंग वास रासायनिक बदलातून येतो, पण त्याची दखल क्रियापदात नाही.

‘परत आणता येतं ते भौतिक’ ही शाळेतली खूण ढोबळ आहे, तिच्यावर फार भिस्त नको. फुटलेली काच परत जुळत नाही, तरी ती काचच असते. इन्व्हर्टरची बॅटरी रोज उतरते आणि रोज चार्ज होते, आणि तिच्यात दोन्ही वेळा रासायनिक क्रियाच होते. नवा पदार्थ झाला का, एवढंच विचारावं.

क्रियापदावर विसंबून खरंच नुकसान होतं ते ‘सिमेंट वाळलं’ म्हणताना. कपडा वाळतो, कारण पाणी उडून जातं. सिमेंट घट्ट होतं ते पाण्याशी रासायनिक क्रिया होऊन. पाणी उडालं तर ती क्रिया अर्धवट राहते आणि काँक्रीट कच्चं राहतं. म्हणून तर स्लॅबवर आळी बांधून पाणी साठवतात : साध्या सिमेंटला किमान 7 दिवस, फ्लाय ॲश (दगडी कोळशाची बारीक राख) मिसळलेल्या सिमेंटला 10. ‘अजून वाळलं नाही, पाणी कशाला?’ असं म्हणणारा घरमालक शब्दाने फसलेला असतो. सिमेंट असं घट्ट झालं की गवंडी ‘सिमेंट सेट झालं’ म्हणतात. शब्द इंग्रजी असला तरी इथे तोच वापरावा, असं माझं मत.